टीम नक्की कुणाची?
(गहुंजेच्या मैदानावरून एक छोटासा अभ्यास)

मित्रांनो, सुरुवातीलाच एक व्हायवाचा प्रश्न. पुण्याची आयपीएल टीम कोणती?

काय झालं? आठवत नाही ना? घाबरू नका, सिलॅबसच्या बाहेरचा नाही. उत्तर सोपं आहे, पुण्याला टीमच नाही. पण दोनदा होती! दोन वेगवेगळ्या मालकांच्या, दोन वेगवेगळ्या नावांच्या टीम आल्या, जर्सी विकल्या गेल्या, गाणी वाजली आणि एक दिवस दोन्ही गेल्या. मैदान मात्र आहे तिथेच आहे. एक्सप्रेसवेवरून मुंबईला जाताना जे भलंमोठं स्टेडियम दिसतं तेच ते. टीव्हीवर त्याला ‘पुणे’ म्हणतात. पण सातबारा काढला तर पत्ता निघतो मु. पो. गहुंजे, ता. मावळ! म्हणजे आपल्याच तालुक्यात.

मी कामशेतचा, रोज लोकलने कॉलेजला येणारा. आमच्या डब्यात सकाळी दोनच विषय असतात, सबमिशन आणि क्रिकेट. एक गोष्ट मला नेहमी खटकायची. आमच्यातले निम्मे मुंबईचे, निम्मे चेन्नईचे, दोन-चार बेंगळुरूचे. घराच्या अंगणात मैदान असूनही ‘आपली’ म्हणावी अशी टीम कुणाचीच नाही. असं का व्हावं? फॅनची निष्ठा कशाला चिकटते आणि टीमची मालकी म्हणजे नक्की कशाची मालकी? या दोन प्रश्नांचा पिच्छा करायचा ठरवलं. त्याचा हा लेख.

अंक पहिला : नाव मोठं

पूर्वी पुण्यातल्या मोठ्या मॅचेस स्वारगेटजवळच्या नेहरू स्टेडियमवर व्हायच्या. ते मैदान महापालिकेचं. स्वतःचं, हक्काचं मैदान हवं म्हणून महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनने गहुंजेला स्टेडियम बांधलं. डिझाइन इंग्लंडच्या हॉपकिन्स आर्किटेक्ट्सचं. सिव्हिलच्या मंडळींनी एकदा जाऊन ते छत नीट बघावं, फुकटची साइट व्हिजिट!

इकडे मार्च २०१० मध्ये आयपीएलच्या दोन नव्या टीमचा लिलाव झाला. सहारा ग्रुपने पुण्यासाठी ३७ कोटी डॉलर मोजले, म्हणजे तेव्हाचे साधारण १,७०० कोटी रुपये, दहा वर्षांत हप्त्याहप्त्याने द्यायचे. टीमचं नाव पुणे वॉरियर्स. २०११ चा पहिला सीझन आला तेव्हा गहुंजे तयार नव्हतं, म्हणून ‘पुण्याची’ टीम घरच्या मॅचेस नवी मुंबईत नेरुळला खेळली. १ एप्रिल २०१२ ला स्टेडियमचं उद्घाटन झालं. स्टेडियमलाही सहारांचंच नाव, कारण नाव देण्याचे हक्कही त्यांनीच घेतले होते.

पुढे काय झालं? टीम तीन सीझनमध्ये दहातून नववी, नवातून नववी आणि नवातून आठवी आली. पण टीम बंद पडली ती हरण्यामुळे नाही. बोली लावताना जेवढ्या मॅचेस धरल्या होत्या त्यापेक्षा कमी झाल्या, म्हणून फी कमी करा असं मालकांचं म्हणणं. बोर्डाला ते मान्य नाही. मे २०१३ मध्ये बोर्डाने बँक गॅरंटी वटवली आणि मालकांनी टीम काढून घेतल्याचं जाहीर केलं. ऑक्टोबर २०१३ मध्ये बोर्डाने करारच रद्द केला. स्टेडियमच्या नावाचेही पूर्ण पैसे आले नाहीत, म्हणून असोसिएशनने तेही नाव उतरवलं.

आता बघा, या सगळ्या भांडणात मालक आहे, बोर्ड आहे, बँक आहे, असोसिएशन आहे. फॅन कुठे आहे? कुठेच नाही. तिकिटाच्या पाठीमागे बारीक अक्षरात जे छापलेलं असतं, तेवढाच त्याचा करार.

अंक दुसरा : उलटा लिलाव

२०१५ मध्ये चेन्नई आणि राजस्थान या दोन टीमवर दोन वर्षांची बंदी आली. त्यांच्या जागी दोन वर्षांपुरत्या दोन टीम हव्या होत्या. डिसेंबर २०१५ मध्ये त्यासाठी उलटा लिलाव झाला. उलटा म्हणजे कसा? आयपीएलमध्ये टीव्ही हक्क आणि प्रायोजकांचे जे पैसे बोर्डाकडे येतात, त्यातला वाटा टीमना मिळतो. अट अशी की ‘आम्हाला वर्षाला जास्तीत जास्त ४० कोटी द्या’ इथून बोली सुरू करायची आणि खाली खाली यायचं. जो सर्वात कमी मागेल त्याला टीम. आपल्याकडे रस्त्याचं टेंडर निघतं ना, तसंच.

संजीव गोएंकांच्या कंपनीने बोली लावली उणे १६ कोटी! म्हणजे वाटा तर नकोच, उलट वर्षाला १६ कोटी आम्हीच देतो. पुणे त्यांना मिळालं, आणि उणे १० कोटींवर राजकोट दुसऱ्या कंपनीला.

कुणी शहाणा माणूस खिशातले पैसे घालून दोन वर्षांसाठी टीम का घेईल? कारण टीम हे इथे प्रॉडक्ट नव्हतं, जाहिरात होती. नावच बघा : रायझिंग पुणे सुपर जायंट्स. आद्याक्षरं घ्या – आर, पी, एस, जी. आणि ग्रुपचं नाव काय? आरपी-संजीव गोएंका, म्हणजे आरपीएसजी. पुण्याचा ‘पी’ मालकाच्या नावात नेमका फिट बसला होता! ऑक्टोबर २०२१ मध्ये याच ग्रुपने ७,०९० कोटींना लखनौची टीम घेतली आणि नाव ठेवलं लखनौ सुपर जायंट्स. ‘सुपर जायंट्स’ मालकाबरोबर उत्तर प्रदेशात गेले, ‘पुणे’ तेवढं इथे राहिलं.

पण हे सगळं आज कळतंय. तेव्हा मी शाळेत होतो आणि टीम खरंच भारी होती हो! २०१६ ला धोनी कॅप्टन असून सातवा नंबर आला. पण २०१७ ला स्मिथ कॅप्टन, स्टोक्स साडेचौदा कोटींचा, आणि अवघ्या दहा लाखांना घेतलेला आपला राहुल त्रिपाठी. महाराष्ट्राकडून खेळणाऱ्या या पोराने त्या सीझनला ३९१ रन काढल्या. लीगमध्ये मुंबईला दोनदा हरवलं, क्वालिफायरमध्ये वानखेडेवर जाऊन तिसऱ्यांदा हरवलं. २१ मे २०१७, हैदराबाद, फायनल. मुंबई १२९. आपल्याला शेवटच्या चेंडूवर ४ हव्या होत्या, २ निघाल्या. एक रनने गेली! आमच्या चाळीत त्या रात्री कुणी कुणाशी बोललं नाही. आणि त्याहून वाईट म्हणजे ‘पुढच्या वर्षी बघू’ असंही म्हणता येत नव्हतं. पुढचं वर्षच नव्हतं. करार संपला होता.

हरणं फॅनला पचतं. वर्षानुवर्षं हरणाऱ्या टीमवरही लोक जीव टाकतात. फॅनला पचत नाही ते पुढचं वर्ष नसणं.

अंक तिसरा : पिवळं गहुंजे

२०१८ ला चेन्नई परत आली. पण कावेरीच्या पाण्यावरून तामिळनाडूत आंदोलन पेटलं होतं. घरची एकच मॅच चेपॉकवर झाली आणि उरलेल्या सहा गहुंजेला हलवल्या. २० एप्रिलच्या पहिल्या मॅचसाठी चेन्नईहून खास रेल्वे आली, ‘व्हिसल पोडू एक्सप्रेस’. सुमारे हजार फॅन, हजार-बाराशे किलोमीटरचा प्रवास, सगळे पिवळे. त्या दिवशी वॉटसनने १०६ काढल्या.

त्या सीझनला एका मॅचला पप्पांबरोबर मीही गेलो होतो. देहूरोडकडून चालत निघालो तर वाटेत दुतर्फा जर्सीवाले. मी एकाला विचारलं, ‘‘काका, पुण्याची जांभळी आहे का?’’

तो हसायलाच लागला. ‘‘तो माल मागच्या सालचा, बाळा. आता गाडी पुसायला घेतोय मी. पिवळी घे, दीडशेला लावतो.’’

पप्पा म्हणाले, ‘‘अरे, माणूस तर तोच आहे, धोनी. रंग बदलला फक्त.’’

आत गेल्यावर बघतो तर आजूबाजूची सगळी मंडळी मराठी, तळेगावची, चिंचवडची, आणि सगळे पिवळ्यात! वर्षभरापूर्वी हीच माणसं जांभळ्यात होती. यांना दलबदलू म्हणायचं का? मला नाही वाटत. कारण यातली गंमत समजून घ्यायला हवी.

निष्ठेचं काँक्रीट

माझ्या मते फॅनची निष्ठा तीन गोष्टींना चिकटते.

१) माणसाला. सगळ्यात लवकर जडते ती ही. कोलकात्याने २०११ च्या लिलावात सौरव गांगुलीला घेतलं नाही, तेव्हा तिथल्या लोकांनी ‘दादा नाही तर टीम नाही’ अशी मोहीम काढली. पुढे दादा पुण्याकडे आला आणि ५ मे २०१२ ला पुण्याचा कॅप्टन म्हणून ईडन गार्डन्सवर उतरला. स्टेडियम अक्षरशः दोन भागांत वाटलं गेलं. घरच्या टीमविरुद्ध घरचा माणूस! पण माणूस रिटायर होतो, विकला जातो. त्याच्याबरोबर ही निष्ठाही जाते.

२) गावाला. टीमच्या नावात आपल्या गावाचं नाव आहे, एवढं पुरतं. गावच्या यात्रेतल्या आखाड्यात आपल्या तालमीचा पैलवान उतरला की त्याला ओळखत नसलो तरी आपण ओरडतोच. पण तिथे तालीम गावातच असते. आयपीएलमध्ये गावाचं नाव भाड्याने घेतलेलं असतं.

३) सातत्याला. तेच नाव, तोच रंग, तीच माणसं, वर्षानुवर्षं. चेन्नईकडे हे होतं. दोन वर्षं टीम नसतानाही लोक थांबले, कारण त्याआधीची आठ वर्षं जमा होती आणि टीम परत येणार हे ठाऊक होतं.

सिव्हिलवाल्यांना हे लगेच पटेल. स्लॅब टाकला की लगेच सेंटरिंग काढत नाहीत. पाणी मारत राहावं लागतं, काँक्रीटची ताकद आपण २८ दिवसांनी मोजतो. निष्ठेचंही तसंच. पहिली दोन-तीन वर्षं तिला मालकाच्या पैशाचा, स्टारचा, जाहिरातीचा टेकू लागतो. मग हळूहळू ती स्वतःच्या पायावर उभी राहते आणि पुढे मालक बदलला, स्टार गेला तरी हलत नाही. पुण्यात दोनदा स्लॅब टाकला आणि दोन्ही वेळा क्युरिंगच्या आधीच सेंटरिंग काढलं. मग ‘पुणेकरांना टीमचं प्रेमच नाही’ असा शेरा मारायचा, हे कसलं टेस्टिंग?

फुटबॉल गेलं, कबड्डी टिकली

हे फक्त क्रिकेटचं नाही बरं का. २००७ मध्ये अशोक पिरामल ग्रुपने पुणे एफसी हा क्लब काढला. आय-लीगमध्ये २०१२-१३ ला तो दुसरा आला. स्वतःची अकादमी होती, म्हणजे बांधणी पायापासून चालली होती. पण २०१४ ला इंडियन सुपर लीग सुरू झाली, सगळा उजेड तिकडे गेला आणि २०१५ मध्ये क्लब बंद झाला. सुपर लीगमधला एफसी पुणे सिटी बालेवाडीला खेळायचा. वाधवान ग्रुप आणि हृतिक रोशन मालकांत, सुरुवातीला इटलीच्या फिओरेन्तिनाचीही साथ. स्टँडमध्ये भगव्या टी-शर्टमधली ‘ऑरेंज आर्मी’ ढोल वाजवायची. २०१९ मध्ये तोही बंद, आणि लीगमधली त्याची जागा हैदराबादच्या नव्या क्लबला गेली. ढोलवाल्यांना कुणी विचारलं नाही.

याउलट कबड्डीतली पुणेरी पलटण बघा. २०१४ ला प्रो कबड्डी सुरू झाली तेव्हापासून तेच नाव, तोच भगवा. वर्षानुवर्षं ट्रॉफी नाही. २०२२ च्या डिसेंबरमध्ये फायनल हरले. आणि १ मार्च २०२४ ला हरियाणाला २८-२५ ने हरवून पहिली ट्रॉफी! कॅप्टन कोण? नगर जिल्ह्यातला अस्लम इनामदार. मावळात गावोगावी कबड्डीचे संघ आहेत, मॅट नसली तरी मातीवर रात्री ट्यूबलाइट लावून स्पर्धा होतात. त्या रात्री आमच्याकडे फटाके वाजले. आयपीएलची फायनल नसताना! नाव, माती आणि सातत्य तिन्ही जुळलं की काय होतं, त्याचं हे प्रॅक्टिकल.

बाहेर काय करतात?

जगात हा प्रश्न आपल्यालाच पडलेला नाही. तीन उदाहरणं देतो.

लंडनमधला विम्बल्डन फुटबॉल क्लब १८८९ चा. १९८८ ला लिव्हरपूलला हरवून त्यांनी एफए कप जिंकला होता. मालकांनी क्लब सुमारे ९० किलोमीटर लांब मिल्टन कीन्सला न्यायचं ठरवलं आणि मे २००२ मध्ये परवानगीही मिळाली. फॅन काय करणार? त्यांनी रडत बसण्याऐवजी स्वतःचा नवा क्लब काढला, एएफसी विम्बल्डन. मोकळ्या मैदानावर खेळाडूंची निवड चाचणी घेतली आणि थेट नवव्या पायरीवरून सुरुवात केली. २०११ मध्ये ते पुन्हा व्यावसायिक लीगमध्ये पोचले आणि २०२० मध्ये आपल्या जुन्या प्लॉ लेन भागात नव्या मैदानावर परतले. मालकाने लीगमधली जागा नेली, क्लब लोकांकडेच राहिला.

अमेरिकेतल्या ग्रीन बे गावाची लोकसंख्या लाखभर. म्हणजे मोठं तालुक्याचं गावच. पण तिथली पॅकर्स ही टीम अमेरिकन फुटबॉलच्या सर्वात मोठ्या लीगमध्ये खेळते. १९२३ पासून ती ना-नफा संस्था आहे, पाच लाखांहून जास्त भागधारक, डिव्हिडंड शून्य. शेअर घेऊन मिळतं काय? एक सर्टिफिकेट आणि वार्षिक सभेत मत. पण टीम विकून गावाबाहेर नेणं जवळजवळ अशक्य. आपल्याकडच्या दूध सोसायटीसारखंच म्हणा की!

तिसरं क्लीव्हलंडचं. १९९५ मध्ये मालकाने टीम बाल्टिमोरला न्यायचं जाहीर केलं. शहर कोर्टात गेलं आणि शेवटी तडजोड झाली : खेळाडू ने, पण नाव, रंग आणि जुने विक्रम शहरातच राहतील. १९९९ ला त्याच नावाने नवी टीम उभी राहिली. म्हणजे टीममधलं काय मालकाचं आणि काय गावाचं, याची वाटणी करता येते. जर्मनीत तर नियमच आहे की क्लबमधली निम्म्याहून जास्त मतं सभासदांकडे हवीत.

सहकाराचा एवढा मोठा इतिहास असलेल्या महाराष्ट्रात यातलं काहीच सुचू नये, याचं मला नवल वाटतं. साखर कारखाना सभासदांचा असू शकतो, बँक असू शकते, मग टीम का नाही? अर्थात सहकारात काय काय गडबडी होतात तेही आपण जाणतोच. पण निदान वार्षिक सभेत उभं राहून प्रश्न तरी विचारता येतो.

आणि मावळचं काय?

आता घरच्या मुद्द्यावर येतो. गहुंजेच्या मैदानाचा मावळशी खरा संबंध आला तो पाण्यावरून. २०१६ च्या दुष्काळात मुंबई उच्च न्यायालयाने ३० एप्रिलनंतरच्या मॅचेस महाराष्ट्राबाहेर न्यायला सांगितलं. अपवाद १ मेच्या गहुंजेतल्या एका मॅचचा. पुण्याच्या टीमचं घर चक्क विशाखापट्टणमला गेलं. २०१८ ला पवना नदीचं पाणी मैदानासाठी घ्यायला न्यायालयाने मनाई केली. पवनेचं पाणी हा मावळात किती जिव्हाळ्याचा विषय आहे हे वेगळं सांगायला नको. ९ ऑगस्ट २०११ ला बऊरजवळ बंद जलवाहिनीच्या आंदोलनात गोळीबार होऊन तीन शेतकऱ्यांचे जीव गेले. ज्या गावाला टीम ‘आपलं घर’ म्हणते, त्या गावाच्या पाण्याशी, रस्त्याशी, पोरांशी तिचं काही नातं नको का? मॅचच्या रात्री आपल्या वाट्याला काय येतं? ट्रॅफिक, पार्किंगमधली चिल्लर आणि घरी परतायला लोकल मिळेल का ही धाकधूक.

पण त्याच मैदानावर एक टीम आहे जी कुणी विकू शकत नाही. महाराष्ट्राची रणजी टीम! १९३९-४० आणि १९४०-४१ अशी लागोपाठ दोन वर्षं रणजी जिंकलेली. २०१३-१४ ला फायनलपर्यंत गेलेली. २०१२ मध्ये याच गहुंजेला केदार जाधवने उत्तर प्रदेशविरुद्ध ३२७ काढल्या. आयपीएलला खच्चून भरणाऱ्या स्टँडमध्ये मी रणजीची मॅच बघितली आहे. माणसं बोटावर मोजण्याइतकी, एक आजोबा डबा उघडून बसलेले. फिल्डरचं बोलणं ऐकू येतं! २०२३ पासून इथे महाराष्ट्र प्रीमियर लीगही होते. पहिल्याच वर्षी सहा टीम होत्या, पुणे, रत्नागिरी, कोल्हापूर, नाशिक, संभाजीनगर आणि सोलापूर. त्याही मालकांच्याच, पण पोरं निदान आपली. चेन्नईचा २०२४ ला कॅप्टन झालेला ऋतुराज गायकवाड इथलाच, थेरगावच्या अकादमीत घडलेला.

मग काय करायचं?

मी काही कुणाला ‘चेन्नई सोडा’ म्हणणार नाही. प्रेम काय सांगून होतं का? फक्त पुढच्या वेळी ‘पुणे अमुकतमुक’ नावाची चकचकीत टीम आली, तर जर्सीसाठी पैसे काढायच्या आधी चार प्रश्न विचारू या :

१) मालकाचा करार किती वर्षांचा? दोन की वीस?
२) मालक गेला तर नाव आणि रंग कुणाकडे राहणार?
३) टीममध्ये इथली किती पोरं, आणि इथे अकादमी आहे का?
४) फॅनला विचारण्यासाठी एखादी तरी खुर्ची आहे का?

चारपैकी दोन तरी उत्तरं बरी आली तर बिनधास्त जीव लावा. नाही आली तरी मॅच बघायला जा, मजा करा, फक्त ती करमणूक आहे एवढं लक्षात ठेवा. मालकाची मालकी कागदावर असते आणि कागद विकता येतो. आपली मालकी लक्षात ठेवण्यात असते. २०१७ ची ती एक रन आज कुठल्याच मालकाच्या ताळेबंदात नाही. ती आमच्याकडेच आहे.

आणि हो, रणजीचं वेळापत्रक आलं की नोटीस बोर्डवर लावतो. सबमिशन आटोपून चला. जागा भरपूर आहे!